राज्याचे स्वच्छ ऊर्जा धोरण कसे वाचावे आणि त्याची अंमलबजावणी कशी तपासावी

मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर वर्तमानपत्रात जो मथळा येतो, त्यात बहुधा मेगावॉटचा एक मोठा आकडा, कोटींतील गुंतवणूक आणि एक साल एवढेच असते. सौर पॅनेल बसवायला निघालेली गृहनिर्माण संस्था, शेतजमीन भाड्याने द्यावी की नाही या विचारात असलेला शेतकरी किंवा वीजबिलावर लक्ष ठेवून असलेला लघुउद्योजक यांना त्या मथळ्यातून काहीच ठरवता येत नाही, कारण त्यांच्या पैशांशी संबंधित तरतुदी धोरणात क्वचित आणि इतर कागदांत अधिक असतात. ते कागद कोणते, ते कुठे मिळतात आणि कोणत्या क्रमाने वाचावेत, हे महाराष्ट्राच्या उदाहरणावरून येथे मांडले आहे. इतर राज्यांत खात्यांची नावे बदलतात, पण चौकट हीच राहते.

वीज हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, ३८ व्या नोंदीखाली आहे. त्यामुळे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. प्रत्यक्षात सगळा डोलारा केंद्राच्या विद्युत अधिनियम, २००३ वर उभा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१८ मध्ये २०४५ पर्यंत शंभर टक्के कार्बनमुक्त विजेचे उद्दिष्ट थेट कायद्यात लिहिले, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये आपला हवामान कायदा केला. आपल्याकडे राज्य विधानसभेने असा स्वतंत्र स्वच्छ ऊर्जा कायदा करण्याची प्रथा नाही. राज्य सरकार धोरण ठरवते ते शासन निर्णयाने, आणि ग्राहक, वीज कंपनी व प्रकल्पधारक यांच्यावर बंधनकारक ठरणारे नियम करतो तो वीज नियामक आयोग. विधिमंडळाच्या हाती जी थेट कायदेशीर साधने उरतात, त्यांत सर्वांत परिणामकारक म्हणजे कर, आणि म्हणूनच महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम, २०१६ हा नावावरून रूक्ष वाटणारा कायदाही स्वच्छ ऊर्जेच्या अभ्यासकाने हाताशी ठेवावा. धोरणात ‘वीज शुल्कातून सूट’ असे शब्द आले की ती सूट प्रत्यक्षात त्या कायद्याखालील अधिसूचनेनेच मिळते.

म्हणून कोणताही कागद हाती आला की आधी त्याची जात ओळखावी. केंद्राचे नियम, राज्याचा शासन निर्णय, आयोगाचे विनियम, आयोगाचा आदेश आणि वीज कंपनीचे परिपत्रक यांचे वजन सारखे नसते. आयोगाचे विनियम विद्युत अधिनियमाच्या कलम १८१ खाली होतात, राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि कलम १८२ नुसार विधिमंडळासमोर ठेवले जातात, म्हणून त्यांना कायद्याचे बळ असते. शासन निर्णय प्रशासनाला बांधतो. कलम १०८ खाली सरकार सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबींत आयोगाला निर्देश देऊ शकते आणि आयोगाने त्यांनी मार्गदर्शित व्हावे अशी अपेक्षा असते, पण विजेचा दर ठरवण्याचा अधिकार आयोगाचाच राहतो. सर्वांत खाली परिपत्रक येते. खिडकीवरचा कर्मचारी नेमके तेच दाखवून ‘नियम असाच आहे’ म्हणतो, तेव्हा ते परिपत्रक कोणत्या विनियमाच्या आधारे काढले आहे एवढेच शांतपणे विचारावे.

शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात आणि ऊर्जेसाठी उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग निवडावा लागतो. मात्र सगळे काही त्याच विभागात सापडेल असे समजू नये. पाणी वरच्या धरणात चढवून गरजेच्या वेळी वीज निर्माण करणाऱ्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे धोरण डिसेंबर २०२३ मध्ये निघाले, ते जलसंपदा विभागाकडून. प्रत्येक शासन निर्णयाला अठरा अंकी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना व दिवस. समाजमाध्यमांवर फिरणारा एखादा ‘नवा जीआर’ खरोखर नवा आहे की तीन वर्षांपूर्वीचा, हे एवढ्यावरूनही समजते.

शासन निर्णय उघडल्यावर बहुतेक जण थेट उद्दिष्टांच्या तक्त्याकडे जातात. त्याऐवजी सुरुवातीच्या ‘वाचा’ या भागापासून आरंभ करावा. तेथे याआधीचे निर्णय, केंद्राची पत्रे आणि मंत्रिमंडळाचे संदर्भ क्रमाने दिलेले असतात, आणि धोरणाची वंशावळ त्या यादीतूनच उलगडते. त्यानंतर कोणता जुना निर्णय ‘अधिक्रमित’ केला आहे आणि कोणता चालू ठेवला आहे ते पाहावे, कारण जुन्या धोरणाखाली नोंदणी झालेल्या प्रकल्पांना जुन्याच सवलती लागू राहतात की नाही हे त्या एका वाक्यावर ठरते. मग सरळ शेवटच्या पानावर जावे. ‘सदर शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने’ अशा अर्थाचे वाक्य आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा याचा उल्लेख तेथे असेल, तर त्या योजनेमागे पैसा उभा करण्याची तयारी झाली आहे असे मानता येते. हे दोन्ही नसतील आणि वर मात्र अनुदानाची भाषा असेल, तर मी असा कागद इरादापत्र समजूनच वाचतो. शेवटी त्याच विषयावर नंतर शुद्धिपत्रक निघाले आहे का हे शोधावे, कारण पात्रतेच्या अटी अनेकदा तेथेच बदललेल्या असतात.

आता उद्दिष्टांच्या आकड्याकडे वळू. २०१५ च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणाने पाच वर्षांत १४,४०० मेगावॉटचे लक्ष्य ठेवले होते. त्यात ७,५०० मेगावॉट सौर, ५,००० मेगावॉट पवन, १,००० मेगावॉट उसाच्या चिपाडावरील सहवीजनिर्मिती आणि उरलेल्यात लघुजल, जैवभार व औद्योगिक कचरा अशी विभागणी होती. २०२० संपेपर्यंत सौर ऊर्जेचा वाटा ठरलेल्या लक्ष्याच्या निम्म्यापर्यंतही पोचला नव्हता, आणि तरीही ३१ डिसेंबर २०२० च्या नव्या धोरणाने २०२५ साठी १७ हजार मेगावॉटच्या वरचा आकडा मांडला. हे दाखवण्याचा हेतू सरकारला हिणवण्याचा नाही. २०१५ च्या धोरणात पवन ऊर्जेच्या ५,००० मेगावॉटपैकी केवळ १,५०० मेगावॉट वीज वितरण कंपन्यांच्या नवीकरणीय खरेदीच्या बंधनासाठी होती, बाकीची वीज प्रकल्पधारकाने स्वतः वापरावी, तिसऱ्या ग्राहकाला विकावी किंवा राज्याबाहेर पाठवावी अशी कल्पना होती. म्हणजे ३,५०० मेगावॉटला धोरणाने परवानगी दिली होती, खरेदीदार दिला नव्हता. कोणत्याही धोरणातील लक्ष्य वाचताना ही वीज कोण, कोणत्या दराने आणि किती वर्षे विकत घेणार, हा एकच प्रश्न विचारला तरी निम्मे परीक्षण होते.

याच प्रश्नाला ठोस उत्तर देणारे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी गावाजवळच्या उपकेंद्रालगत छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि तेथील कृषी वाहिन्या त्यांवर चालवायच्या, ही तिची कल्पना. हा शासन निर्णय वाचताना लक्षात येते की त्यात प्रत्येक पक्षाचा हिशेब मांडला आहे. वीज महावितरण घेणार आहे. खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये आहेत. प्रकल्पधारकाला उपकेंद्राच्या विद्युत दाबानुसार (व्होल्टेज) प्रतियुनिट १५ किंवा २५ पैसे प्रोत्साहन आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे या दुसऱ्या टप्प्यातला पहिला, ३ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. तरीही जमीनमालकाने करारनाम्यात भाडे कोणत्या तारखेपासून चालू होते, तीन टक्के वाढ मूळ रकमेवर की आदल्या वर्षाच्या रकमेवर, कंपनी बदलली तर करार कोणाशी राहतो आणि मुदत संपल्यावर पाया व तारा काढण्याचा खर्च कोणाचा, हे चार मुद्दे वकिलाकडून तपासून घ्यावेत. शासन निर्णयात भाड्याचा दर असतो, ही कलमे करारात असतात.

सरकारच्या अनुदानाबाबत अधिनियमाचे कलम ६५ जरूर वाचावे. एखाद्या ग्राहकवर्गाला आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल, तर राज्य सरकारने फरकाची रक्कम वीज कंपनीला आगाऊ दिली पाहिजे, आणि ती दिली नाही तर आयोगाने ठरवलेला दरच लागू होतो, असे ते कलम सांगते. जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देणारी मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर झाली, तेव्हा खरा कागद हा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातील आणि पुरवणी मागण्यांतील तरतूद होता. सौर कृषी वाहिनी योजनेचा आर्थिक तर्कही येथेच आहे. शेतीची वीज स्वस्त सौर ऊर्जेतून आली, तर सरकारला भरावा लागणारा फरक आणि उद्योगांवर पडणारा क्रॉस सबसिडीचा, म्हणजे एका वर्गाच्या स्वस्त विजेसाठी दुसऱ्याने भरायच्या जादा दराचा, बोजा दोन्ही घटतात. हवामानाच्या चिंतेइतकीच तिजोरीची चिंता या धोरणामागे आहे, आणि माझ्या मते ते त्याच्या टिकाऊपणाचेच लक्षण आहे.

यानंतरचा टप्पा नियामक आयोगाचा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ पासून काम करतो. अधिनियमाच्या कलम ८६(१)(ई) नुसार नवीकरणीय विजेला चालना देणे आणि वितरण कंपनीने एकूण खरेदीतील किती टक्के वीज अशा स्रोतांतून घ्यावी हे ठरवणे ही राज्य आयोगाची जबाबदारी आहे. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली केंद्रानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभरासाठी टक्केवारी ठरवून दिली आहे. ती २०२४-२५ साठी २९.९१ टक्क्यांपासून सुरू होऊन २०२९-३० मध्ये ४३.३३ टक्क्यांवर जाते, आणि तिच्यात पवन, जल, विकेंद्रित व इतर असे वेगळे गट आहेत. राज्याची खरी प्रगती पाहायची असेल तर धोरणातील मेगावॉट बाजूला ठेवून आयोगाचे या बंधनाच्या पूर्ततेची पडताळणी करणारे आदेश वाचावेत. मेगावॉट ही क्षमता आहे, पडताळणी होते ती प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटची.

आयोगाचे दरविषयक आदेश शेकडो पानांचे आणि इंग्रजीत असतात, त्यामुळे सामान्य वाचक दचकतो. त्यावर उपाय आहे. वीज कंपनीच्या याचिकेचा कार्यकारी सारांश मराठीतही प्रसिद्ध होतो, तो आधी वाचावा. मग आदेशातील ज्या प्रकरणात लोकांच्या सूचना व हरकती, त्यांवर कंपनीचे उत्तर आणि त्यापुढे आयोगाचा निष्कर्ष असा क्रम असतो, त्यात आपला विषय शोधावा. शेवटी जोडलेली दरसूची काढून आपल्या बिलाशेजारी ठेवावी. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क या ओळींपैकी पहिल्या तीन दरसूचीशी जुळवता येतात, इंधन समायोजन महिन्यागणिक बदलते, आणि वीज शुल्क हा सरकारचा कर असल्याने दरसूचीत तो शोधू नये.

आदेश निघाला म्हणजे तो लागू झाला असे गृहीत धरण्याची घाई मात्र करू नये. आयोगाने महावितरणच्या बहुवार्षिक दराचा आदेश २८ मार्च २०२५ रोजी दिला, काही दिवसांतच कंपनीच्या अर्जावरून त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जून २०२५ रोजी फेरविचाराचा आदेश निघाला. मधल्या काळात पहिल्याच आदेशाच्या आधारे छतावरील सौर प्रकल्पाचा परतावा किती वर्षांत निघेल याची गणिते मांडणाऱ्यांची पंचाईत झाली असणार. प्रत्येक आदेशाचा प्रकरण क्रमांक आणि वर्ष टिपून ठेवावे, त्या क्रमांकावर फेरविचार याचिका, अपील किंवा उच्च न्यायालयातील प्रकरण चालू आहे का ते पाहावे, आणि मगच खर्चाचा निर्णय घ्यावा.

छतावर सौर यंत्रणा बसवणाऱ्या कुटुंबाने तीन कागद एकत्र वाचावेत. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी ते किलोवॉटला १८,००० रुपये या दराने ठरते. दुसरा कागद म्हणजे केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती, जिच्यामुळे १० किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेला तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची अट उरली नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा कागद आयोगाच्या २०१९ च्या छतावरील नवीकरणीय ऊर्जा विनियमांचा व त्यांच्या दुरुस्त्यांचा. दिवसा तयार झालेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतील की नाही, आणि आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटचे पैसे कोणत्या दराने मिळतील, हे तेथेच ठरते. उरलेल्या युनिटचा दर घरगुती दराहून बराच कमी असतो, म्हणून छत मोठे आहे एवढ्यासाठी गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवू नये.

वेळेनुसार बदलणारा दर ही या क्षेत्रातील सध्याची सर्वांत लक्षणीय दिशा आहे. दुपारी सौर वीज मुबलक आणि संध्याकाळी मागणी सर्वाधिक, या विसंगतीतून ती आली. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली. पाण्याचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र आणि वाहनाचे चार्जिंग दुपारी हलवणाऱ्याला तिचा लाभ आहे. दुसऱ्या बाजूला, दुपारची वीज स्वस्त धरली जाऊ लागली की तीच वीज विकणाऱ्या सौर प्रकल्पाच्या युनिटची किंमतही घटते. पुढील वर्षांत कोणत्याही राज्याच्या विनियमांतील ‘बँकिंग’ हा शब्द, म्हणजे आज ग्रिडला दिलेले युनिट नंतर परत घेण्याची सोय, शोधून वाचावा. वाद तेथेच होणार आहेत.

बँकिंग, वहन आकार आणि क्रॉस सबसिडी अधिभार या तिन्ही गोष्टी उद्योजकाच्या ओपन ॲक्सेसच्या, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांतून दुसऱ्या उत्पादकाची वीज थेट घेण्याच्या, निर्णयात निर्णायक असतात. केंद्राने जून २०२२ मध्ये हरित ऊर्जेच्या ओपन ॲक्सेसचे नियम करून पात्रतेची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम आकाराचे कारखानेही पात्र ठरले. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, हा अधिकार राज्य आयोगाचा आहे असे सांगून हे नियम रद्द केले. केंद्राच्या नियमाने दिलेली सोय आपल्या राज्याच्या आयोगाने स्वतःच्या विनियमांत उतरवली आहे का हे तपासण्याची सवय का हवी, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. महाराष्ट्राच्या आयोगाने आपल्या विनियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती केलेली आहे.

इतर राज्यांशी तुलना करताना धोरणांची रचना पाहावी. गुजरातने ऑक्टोबर २०२३ च्या धोरणात सौर, पवन आणि संकरित प्रकल्पांना एकाच चौकटीत घेतले. राजस्थानने डिसेंबर २०२४ मध्ये एकात्मिक स्वच्छ ऊर्जा धोरण आणले, ज्यात साठवणूक आणि हरित हायड्रोजनही (नवीकरणीय विजेपासून बनवलेला हायड्रोजन) समाविष्ट असून २०३० पर्यंत १२५ गिगावॉटचे, म्हणजे १,२५,००० मेगावॉटचे, उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राचा हरित हायड्रोजनसाठीचा निर्णय जुलै २०२३ चा, स्वतंत्र आहे. करार पाळण्याच्या बाबतीत आंध्र प्रदेशचा धडा गुंतवणूकदार विसरलेले नाहीत. २०१९ मध्ये तेथील सरकारने जुन्या पवन व सौर करारांचे दर पुन्हा ठरवण्यासाठी पावले उचलली आणि मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते करार कायम ठेवले. गोव्याच्या वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. गोव्याला स्वतंत्र राज्य आयोग नाही. गोवा आणि केंद्रशासित प्रदेश यांच्यासाठी संयुक्त विद्युत नियामक आयोग आहे आणि त्याचे कार्यालय गुरुग्रामला आहे, त्यामुळे पणजीतील सौर ग्राहकाला लागू विनियम त्याच आयोगाच्या संकेतस्थळावर शोधावे लागतात.

कागद वाचून झाल्यावर त्यावर बोलण्याचीही सोय कायद्यात आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. कलम ६४ नुसार दरयाचिकेची जाहीर सूचना प्रसिद्ध करावी लागते, आलेल्या सूचना व हरकतींचा विचार करावा लागतो आणि याचिका दाखल झाल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यावा लागतो. विनियमांच्या मसुद्यावरही अशाच हरकती मागवतात. हरकत मराठीत लिहावी, एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नये, प्रकरण क्रमांक आणि मसुद्यातील नेमका परिच्छेद उद्धृत करावा, आपल्या बिलातील आकडे देऊन त्या तरतुदीचा परिणाम रुपयांत दाखवावा, आणि पर्यायी शब्दरचना सुचवावी. ‘ग्राहकांवर अन्याय’ एवढेच म्हणणारे अर्ज ढिगात जातात, पण पर्यायी वाक्य सुचवणाऱ्या अर्जाला कंपनीला मुद्देसूद उत्तर द्यावे लागते. जाहीर सुनावणीत तोंडी म्हणणे मांडायचे असल्यास तसे हरकतीतच लिहून ठेवावे.

आदेश मान्य नसेल तर कलम १११ नुसार विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील करता येते, आणि त्यापुढे कलम १२५ खाली सर्वोच्च न्यायालय आहे. वैयक्तिक तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. नेट मीटर, म्हणजे ग्रिडकडून घेतलेले आणि ग्रिडला दिलेले युनिट मोजणारा मीटर, बसवायला विलंब झाला किंवा युनिटची वजावट चुकली, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी, तेथे दाद लागली नाही तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे, आणि मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालाकडे अर्ज करावा. त्या अर्जाला मूळ तक्रारीची पोच, मीटरच्या आयात-निर्यात वाचनाची छायाचित्रे आणि संबंधित महिन्यांची बिले जोडावीत.